जाताना काय म्हणाला

श्रावणातल्या सकाळी नऊच्या सुमारास हमरापूरच्या आमच्या कारखान्याच्या पूर्वेकडल्या दारातून एक ओलसर, पांढुरका उजेड आत उतरे, आणि त्या उजेडात माझा दादा डाव्या अंगठ्याच्या नखावर कुंचल्याचं टोक टेकवून, अलगद फिरवून, काळ्या रंगाची धार पाहत बसलेला असे. कारखाना म्हणजे भोंग्याचा आणि धुराड्याचा नव्हे; पेण तालुक्यात गणपती जिथे घडतात त्या पत्र्याच्या लांबट शेडला कारखानाच म्हणतात. अंग, सोंड, पीतांबर, मुकुट यांना दहा जणांचे हात लागत. डोळ्यांची आखणी मात्र दादाच्या एकट्याच्या हातची. नख काळं झालं की तो पंखा बंद करायला लावी, दागिने रंगवणाऱ्या बायका आपोआप गप्प होत, पागोळ्यांचा तेवढा आवाज उरे, आणि रोखलेल्या एका श्वासाच्या अवकाशात मातीच्या त्या निर्विकार मुखावर करुणा, कौतुक आणि किंचित खट्याळपणा एकवटलेली दृष्टी उमटे. मग दादा मागे सरके, मान तिरकी करून एकदा पाही, आणि आपला याच्याशी काहीएक संबंध नाही अशा चेहऱ्यानं पुढच्या मूर्तीकडे वळे.

एवढ्यावरून तो कुणी थोर, तपस्वी कलावंत होता असं कुणाला वाटलं असेल, तर त्यानं दादाबरोबर एक आठवडा राहून पाहायला हवं होतं. मोरेश्वर त्याचं नाव. मी त्याची धाकटी बहीण सुमन, लग्न होऊन रोह्याला आलेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी, आणि त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळावं अशी वेडी अपेक्षा बाळगणारी. दादा पाऊसपाण्याबद्दल, रंगांच्या दर्जाबद्दल, शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल तासन्‌तास बोले; स्वतःविषयी मात्र ताकास तूर लागू देत नसे. रॉकेल आणायला धाडला तर दुपारी जास्वंदीचं रोप घेऊन परते, आणि डबा कुठे राहिला हे त्या डब्यालाच ठाऊक. आपण बोलत असताना त्याची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे, कुठल्यातरी अदृश्य बिंदूवर स्थिरावलेली असे. हजारो मूर्तींना ज्यानं पाहायला लावलं, त्यानं घरातल्या माणसांकडे कधी सरळ पाहिलं नाही, ही माझी तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे.

त्याचे ऋतूही आमच्या ऋतूंहून वेगळे होते. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत तो असे; अनंतचतुर्दशीला शेवटचा गणपती पाण्यात गेला की तोही कुठेतरी विसर्जित होई. देह ओटीवर बसलेला दिसे, पण वात खाली ओढल्यावर कंदिलाचा जेवढा उजेड उरतो तेवढाच दादा त्यात शिल्लक असे. आश्विनात भात पिवळं पडू लागलं, दुपारच्या उन्हाला कोरडी धार आली, की त्याची पावलं शिवशिवत. खाडीकडच्या मिठागरांच्या बांधावर जाऊन तो बसे आणि पाण्याच्या चौकोनांत आभाळ तुकड्यातुकड्यानं कसं उतरतं ते पाही. गडब गावात एका सायकलवाल्याच्या दुकानात दोन-दोन दिवस मुक्काम ठोकी, आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला हजर. कुठे होतास, असं विचारलं की म्हणे, "हितंच व्हतो." या 'हितंच'मध्ये त्याचा अख्खा तालुका मावत असे.

वहिनी, म्हणजे त्याची बायको इंदू, काही न बोलता त्याचं ताट वाढी. मला दोघांचाही सारखाच वैताग येई. त्याच्या जाण्याचा आणि तिच्या गप्प बसण्याचा. एकदा मी चिडून म्हटलंही, "वहिनी, तू विचारत का नाहीस त्याला?" तिनं भाकरी उलटली. "काय विचारायचं गो? भूक लागली का येतो घरी," एवढंच म्हणाली. ठेंगणी, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू लावणारी ही बाई प्रश्न नावाची गोष्ट माहेरीच ठेवून आली असावी, असं मी माझ्या यजमानांना म्हणत असे.

कार्तिकात दादाचं एक येणं मात्र ठरलेलं होतं. नव्या भाताचे पोहे घेऊन तो रोह्याला माझ्याकडे येई. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचे रूळ पडत होते, माझे यजमान कंपनीत शिफ्टला जात, आणि दादा कापडी पिशवी घेऊन दारात उभा राहिला की पिशवीतल्या पोह्यांचा ऊनऊन, गवताळ वास घरभर पसरे. त्या वर्षीही तो आला. जेवला. भिंतीकडे तोंड करून दुपारभर झोपला. कुंडलिकेच्या बाजूनं येणारं चार वाजताचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं, आणि मी मुलांच्या वह्या तपासता तपासता त्या पाठीकडे बघत मनातल्या मनात भांडत होते. त्याची मुलगी शैला तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला पुढच्या शिक्षणासाठी माझ्याकडे पाठव, असं मी तीन वर्षं सांगत होते. त्या दिवशी चहा देताना पुन्हा सांगितलं. तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "बघू." मी कप जरा आपटूनच उचलले आणि ओट्याशी गेले.

मी भांडी विसळत असताना दारातून त्याचा आवाज आला, "जातो गो सुमे."

आमच्याकडे बाहेर पडणारा माणूस 'येतो' म्हणतो. कुठल्याच मराठी घरात हे सांगावं लागत नाही. निघतानाच परतीची हमी देऊन ठेवायची, उंबरा ओलांडण्याआधीच परतून यायचं, असा या एका क्रियापदाचा मंगल खोटेपणा आहे. आमची आई या बाबतीत फार कडक होती. शाळेला निघताना 'जातो' निघालं तोंडातून तर दादाला पुन्हा घरात घेऊन, पाटावर बसवून, पाणी पाजून 'येतो' म्हणायला लावी. माझ्या घरून निघताना त्यानं कधीच हा शब्द चुकवला नव्हता. मी पाठ न वळवता करवादले, "जातो काय म्हणतोस? येतो म्हण!" उत्तर आलं नाही. पायरीवर चपलांचा आवाज झाला, मग अंगणातल्या खडीवर, मग रस्त्यावर. मी नळ चालूच ठेवला होता.

पुढचे सहा दिवस मला वाटत होतं तो घरी पोचला, आणि वहिनीला वाटत होतं तो माझ्याकडे राहिला. हमरापूरला आमच्या आळीत फोन नव्हता. असता तरी कोण करणार होतं? सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या एसटीनं वहिनी माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात दादाचा स्वेटर होता. थंडी पडू लागली म्हणून घेऊन आली होती. ती माझ्या खांद्यावरून घरात पाहत होती, आणि मी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे. मग तिनं स्वेटर दुसऱ्या हातात घेतला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा तर दोन घरांच्या मधल्या मध्ये नाहीसा झाला होता, आणि दोन्ही घरं सहा दिवस निर्धास्त जेवत होती.

त्याच दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथले वयस्कर हवालदार सज्जन होते. गोंधळ सगळा आमचाच. दादाचा म्हणून फोटो एकच, तोही कुणाच्यातरी लग्नातला, शेवटच्या ओळीत उभा राहून बाजूला बघणारा. उंची आम्ही अंदाजानं सांगितली. खूण म्हणून डाव्या अंगठ्याचं काळं नख सांगितलं. "डोळे कसे आहेत?" त्यांनी विचारलं. मी वहिनीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. घारे नव्हेत, एवढं तरी नक्की होतं. पण मोठे की बारीक, खोल की वर आलेले, काही म्हणता काही आम्हांला सांगता येईना. ज्यानं आयुष्यभर डोळे आखण्यावाचून दुसरं काही केलंच नाही त्याचेच डोळे आम्हांला आठवत नव्हते, आणि याचा राग मला त्याच्यावर यावा की स्वतःवर, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मग त्यांनी विचारलं, "जाताना काय म्हणाले?"

वहिनी माझ्या शेजारी बाकावर स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. तिचं कुंकू घामानं एका बाजूला जरासं ओघळलं होतं. खरं सांगायचं तर मला तिची दया आली की स्वतःची भीती वाटली, हे आता नेमकं सांगणं कठीण आहे. त्याला 'जातो' म्हणताना ऐकूनही मी वळले नाही, नळ बंद केला नाही, हे त्या एका शब्दाबरोबर बाहेर आलं असतं. मी म्हणाले, "येतो म्हणाला."

हवालदारांनी ते लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. "मग येतील, बाई," ते म्हणाले. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्वेटरची घडी नीट केली. तिला आधार मिळाला, असं मी समजले.

आणि मग ती सात वर्षं. हरवलेल्या माणसाचं भिजत घोंगडं घेऊन जगणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी झालं त्यालाच कळावं. मेलेल्याला तेरावा असतो, भांडून गेलेल्याला पत्ता असतो. याला काहीच नव्हतं. लोक मात्र उत्साहानं मदत करत. कुणी त्याला भगव्या कफनीत पाहिलेलं असे, कुणी लाँचवर. एका देवऋष्यानं पहिल्या खेपेला उत्तर दिशा सांगितली आणि दुसऱ्या खेपेला दक्षिण. पूर्व-पश्चिम बहुधा पुढच्या खेपांसाठी राखून ठेवली असावी. एकदा कोलाडहून निरोप आला, हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात काळ्या नखाचा माणूस रोज चहा प्यायला येतो. पेणला परतणाऱ्या माणसाला उलट्या दिशेच्या कोलाडला काय काम, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी रजा टाकून गेले. माणूस निघाला पंक्चर काढणारा. हातोडी बसून त्याचं नख काळंनिळं झालं होतं. मी रडायला लागले तेव्हा त्यानंच मला चहा पाजला आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं.

या सगळ्या काळात वहिनीनं मला एकही प्रश्न विचारला नाही. तो माझ्याकडे किती वाजता आला, काय जेवला, काय बोलला, कुठल्या रस्त्यानं गेला, काही नाही. पूर्वी अंगवळणी पडलेलं तिचं ते मौन आता मला सहन होईना. ती कारखान्यात जाई, मूर्तींच्या पीतांबराचे काठ रंगवी. आखणीला पेणहून एक जण येऊ लागला होता, त्याला चहा करून देई. शैलाला तिनं आपणहून माझ्याकडे शिकायला पाठवलं. दर कार्तिकात आता मीच हमरापूरला जात असे, आणि पोचल्याबरोबर माझी नजर आधी तिच्या कपाळाकडे जाई. कुंकू तिथे असे, पूर्वीइतकंच ठसठशीत. ही बाई माझ्या एका शब्दावर विसंबून बसली आहे, असं मला वाटे. मी उच्चारलेला, त्यानं कधीच न उच्चारलेला तो शब्द तिनं पदराला गाठ मारून ठेवला आहे, आणि ती गाठ सोडवायची तर मलाच माझं तोंड उघडावं लागेल. मी दर वर्षी ठरवून जाई आणि दर वर्षी पोह्यांची पिशवी घेऊन, न बोलता परत येई. परतीच्या वाटेवर गडबच्या आसपास कापणी झालेल्या शेतांवर संध्याकाळचा धूर तरंगत असे आणि मी स्वतःला शिव्या घालत असे.

सातवं वर्ष उलटलं आणि फाल्गुनात शैलाचं लग्न ठरलं. नागोठण्याची चांगली माणसं. त्यांची काही अट नव्हती, पण अटी घालायला आपली भावकी असतेच. पेणच्या छापखान्यात पत्रिकेचा मजकूर द्यायला चुलतभाऊ गेला, तर छापखानेवाल्यानं साधा प्रश्न केला: मुलीच्या वडिलांच्या नावाआधी 'श्री.' घालायचं की 'कै.'? झालं. जो प्रश्न आम्ही सात वर्षं चुकवत होतो तो एका टिंबासकट समोर येऊन बसला. आई म्हणून वहिनीनं मुलीला हळद लावायची की नाही? ओटी कुणी भरायची? कुणी म्हणालं, दर्भाचा पुतळा करून रीतसर दहन करा आणि मोकळे व्हा. शास्त्र म्हणे बारा वर्षं थांबा, कायदा म्हणे सात. भावकीला विचारलं असतं तर त्यांनी मध्ये साडेनऊवर तडजोड केली असती. भटजींनी मात्र लग्नकार्य बघून वाट काढली होती. तीन पिढ्या मातीचे देव घडवणाऱ्या घराला आता एक गवताचा माणूस करायचा होता, आणि त्याला वहिनीचा होकार हवा होता. ती तयार होणार नाही, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं. तिला समजावायची कामगिरी मी स्वतःकडे घेतली, कारण ती का तयार होणार नाही हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

चैत्राच्या सुरुवातीला एका दुपारी मी हमरापूरला पोचले. ऊन पत्र्यावर तडतडत होतं, दूर मिठागरांत नव्या मिठाचे ढीग डोळ्यांत खुपत होते. कारखान्यात नव्या हंगामाच्या कच्च्या मूर्ती रांगेनं मांडल्या होत्या, पांढऱ्या, कोऱ्या, अजून न पाहणाऱ्या. वहिनी एकटीच होती. ओला कुंचला घेऊन ती मूर्तीच्या दंडावरचे साच्याचे सांधे मिटवत होती. "बस गो. पाणी देऊ?" ती म्हणाली. मी बसले नाही. बसले असते तर या खेपेलाही राहून गेलं असतं.

"वहिनी, मी सात वर्षं तुझ्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. "दादा 'येतो' म्हणाला नव्हता. 'जातो' म्हणाला होता. मी म्हटलं, येतो म्हण, तर त्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. मी वळूनही पाहिलं नाही. ठाण्यात तुझ्यासमोर माझ्यानं ते सांगवेना. तो येणार नाही गं. ठरवून गेला. आता तरी त्याची वाट बघणं सोड."

तिनं कुंचला पाण्यात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांपूर्वी त्या बाकावर पाहिलं होतं तसं नव्हे. डोळे मोठे करून.

"जातो बोलला?"

"हो."

"तू नीट आयकलंस? जातोच बोलला?"

"जातोच म्हणाला, वहिनी."

आणि वहिनी हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, मुलीसारखी हसली. तिला वेड लागलं की काय, अशा भीतीनं मी पुढे झाले, तर तिनं माझा हात मातीच्या हातांनी धरला.

"लग्न झाल्यावर पयल्या दिवशी कारखान्यात जायला निघाला तवा जातो बोलला. मी रडले. माझ्या माहेरी असं कोणी बोलत नाय. तवापास्नं मुद्दाम बोलायचा. रोज. जातो बोलायचा नि जेवायला हजर. पंधरा वर्षांत येतो कवाच बोलला नाय गो. एकदा पण नाय." तिनं डोळे पुसले, गालावर माती लागली. "तू ठाण्यात बोललीस, येतो बोलला. मी मनात बोलले, झालं. हा काय आता येत नाय. त्याच दिवशी मी समजले."

"मग हे कुंकू?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी लावत व्हते. तू दर वर्षाला यायचीस नि पयलं माझ्या कपाळाकडं बघायचीस. तुला आशा हाय तर बोलले राहू दे. तुझं मन कशाला मोडू?" मग सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "भटजींना मी आठ दिवसांमागंच व्हय बोलून आले. दर्भ पण आणून ठेवलाय. तुला कसं सांगायचं तेच बघत व्हते."

म्हणजे मी त्या दुपारी गप्प बसले असते, एक तास, फक्त एक तास, तर सगळं मार्गी लागलं असतं. सात वर्षं जी बाई माझ्या खोट्यावर विसंबून वाट पाहते आहे असं मला वाटत होतं, ती त्याच खोट्याच्या आधारानं सात वर्षांपूर्वीच त्याला पोचवून मोकळी झाली होती. आणि तिला मोकळं करायला म्हणून मी एवढ्या उन्हाचं रोह्याहून खरं घेऊन आले होते. दादाचा मला इतका संताप त्यापूर्वी कधी आला नव्हता. एका घरी एक शब्द, दुसऱ्या घरी दुसरा. मेल्याला सरळ दोन्हीकडे एकच बोलायला काय झालं होतं? पण तो असता तर म्हणाला असता, बघू.

"वहिनी, सात वर्षं झाली," मी म्हणाले. "तो तुझ्याशी थट्टेनं म्हणत असेल. माझ्याकडे तो नेहमी येतोच म्हणायचा. त्या दिवशी जातो म्हणाला म्हणजे..."

"म्हंजे माझी आठवण काढली व्हती त्यानं," ती म्हणाली. "घरी यायच्या तंद्रीत व्हता. जातो बोलला तर येल गो तो. पत्रिका थांबवा म्हणावं. नि भटजींना सांग, नाय करायचं."

ती भराभर हात धुऊ लागली. पाणी पांढरं होऊन जमिनीवर वाहत होतं. ओल्या हातांनीच तिनं मला पाटावर बसवलं, स्वतः समोर उकिडवी बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी यापूर्वी कधी न पाहिलेली एक अधीर, तरुण, असह्य उत्सुकता पसरली. ज्या बाईनं जन्मात कुणाला काही विचारलं नाही, ती विचारू लागली. किती वाजले व्हते तवा? जेवला का नीट? काय केलंवतंस? भाताचं बोलला काय? शैलाचं? सदरा कंचा व्हता, निळा का रेघारेघांचा? थंडी वाजते असं बोलला का? एसटीला पैसे व्हते ना त्याच्याकडं? चपलांचा आवाज कुणीकडं गेला, ठेसनाकडं का स्टँडकडं?

मी सांगू लागले. वांग्याची भाजी केली होती, दोन भाकऱ्या खाल्ल्या, चहा अर्धा टाकला. सदरा मला आठवेना. चपलांचा आवाज नळाच्या आवाजात मिसळून कुठल्या बाजूला गेला, तेही आठवेना. एक शब्द इतकी वर्षं मुठीत घट्ट धरून बसले होते, आणि त्याच्याभोवतीची अख्खी दुपार माझ्या हातून सांडून गेली होती. वहिनी मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. माझ्या घरातून दादाला जाऊन सात वर्षं झाली होती. तिच्या घरातून तो आत्ता, या उन्हात निघाला होता, आणि माणूस हरवल्यानंतरचा पहिला दिवस किती लांब असतो हे मी तिला सांगू शकले नाही.